गिरणीवरचं गाणं

मैत्रिणींनो, तुमच्या गावात गाण्याचा क्लास कुठं भरतो? बाईंच्या घरच्या बैठकीत? शाळेच्या रिकाम्या वर्गात? की एखाद्या मंदिराच्या ओवरीत? आमच्या लातुरातला क्लास बावीस वर्षं पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरत होता. एकच खोली. एका कोपऱ्यात तबल्याची पोरं, दुसऱ्या कोपऱ्यात गाणाऱ्या मुली, मधे एक जुनी साडी पडदा म्हणून बांधलेली. खालून गिरणीची घरघर आणि जिन्यातून उडत येणारं पीठ. पेटी उघडली की आधी फडक्यानं पुसायची, मगच सूर धरायचा.

त्या घरघरीची एक गंमत सांगते. गिरणीच्या मोटारीचा आवाज काळी चारच्या जवळपास, जरा उतरलेला. आणि बहुतेक बायका-मुली काळी चारमध्येच गातात! त्यामुळं लहान मुली नकळत गिरणीच्या आवाजातच षड्ज लावायच्या. लाईट गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद की मुलींचा सा गायब. बाई हसून म्हणायच्या, "आता कळलं ना, कुणाच्या जिवावर गात होतात ते?"

या बाई म्हणजे आमच्या गुरू. आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. नाव लिहू नको अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून नुसतं 'बाई' म्हणते. तशाही त्या सगळ्या लातुरात बाई म्हणूनच माहीत आहेत.

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. नांदेडला जुन्या भागातल्या एका वाड्याच्या माडीवर मी गाणं शिकले. त्या वेळचे आमचे गुरुजी महिन्यातून एकदा आम्हा मुलींना सचखंड गुरुद्वाऱ्यात घेऊन जायचे. देवदर्शन होतंच, पण खरं कारण कीर्तन. गुरु ग्रंथ साहिबमधली रचना रागांप्रमाणे लावलेली आहे, एकतीस मुख्य राग आहेत त्यात. गुरुजी म्हणायचे, "बसा, गप्प ऐका, आणि घरी गेल्यावर मला सांगा काय ऐकलं." तिथं पंखा होता, गालिचा होता, आणि बायकांनी कुठं बसावं यावरून कुणी डोळे वटारत नव्हतं. गाणं ऐकायला नीट जागा असली की कान आपोआप उघडतात, हे मला तिथंच पहिल्यांदा समजलं, फक्त तेव्हा ते असं शब्दांत सांगता आलं नसतं.

मध्यमा पूर्णपर्यंत गेले. मग बी.ए., मग लग्न. पेटी माहेरून सोबत आली, ती माळ्यावर गेली. दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, महिला मंडळ, बचत गट... पंधरा वर्षांनी पेटी खाली काढली तर भाता उंदरांनी कुरतडलेला. ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. तुमच्यापैकी कितीजणींच्या माळ्यावर काय काय आहे ते तुमचं तुम्हाला ठाऊक!

तर त्या गिरणीवरच्या क्लासला स्वतःची जागा मिळाली. तीन खोल्या आणि वर छोटा हॉल. ही जागा कशी झाली आणि झाल्यावर काय वाद झाले, तेच आज सांगायचंय.

जमीन एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांनी दिली. संस्था रीतसर नोंदवली. बांधकामाला हात घातला आणि २०१६चा उन्हाळा आला. त्या वर्षीचं लातूर तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नळाला दहा-पंधरा दिवस पाणी नाही, घागरींच्या रांगा, तिथं भिंतींवर पाणी मारणार कोण? आमचं काम जोत्यापाशी थांबलं. थांबलं ते योग्यच झालं, शेजारी प्यायला पाणी नसताना गाण्याच्या खोलीला पाणी मारायला कुणाचं मन धजलं असतं?

पण बघा योगायोग! ज्या मिरजेनं आम्हाला पाणी दिलं, त्याच मिरजेतून आमचे तानपुरे येतात. दीडशेहून जास्त वर्षं तिथं शिकलगार मंडळी सतार-तानपुरे बनवतायत. मूळचे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. तानपुऱ्याचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भाजीचे नव्हेत, जाड सालीचे कडू भोपळे. ते वाळवायचे, कापायचे, आतून साफ करायचे, मग त्यावर तबली आणि दांडी. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वी लातूर-मिरज अशी बार्शी लाइटची छोटी गाडी होती. आमच्या बाईंचा पहिला तानपुरा त्या गाडीतूनच आला, वडिलांच्या मांडीवर, आख्खा प्रवास. "वडील कुर्डुवाडीला चहा प्यायला उतरले नाहीत," असं बाई अजून सांगतात.

दुष्काळ सरला, काम पुन्हा सुरू झालं, स्लॅब पडला, आणि २०२० उजाडलं. कोरोनात बाईंनी मोबाईलवर क्लास घेतले. आवाज मागं-पुढं यायचा, तालाचा पत्ता नाही. त्यात बाईंच्या यजमानांना देवाज्ञा झाली. सगळं संपलं असं वाटत असताना आमच्या महिला मंडळानं ठरवलं, हे आपण पुरं करायचं. हळदीकुंकवाला वाण लुटण्याऐवजी ते पैसे फरशीला दिले. भजनी मंडळानं दारं दिली. एका भाजीवाल्या मावशीनं खिडकीचा एक गज दिला, फक्त एक गज, आणि ती आजही येता-जाता "ह्यो माझा गज" म्हणून हात लावून जाते.

इमारत उभी राहिली. आम्ही हौसेनं हॉलमध्ये गेलो, बाईंनी आलाप घेतला आणि... काय सांगू! एक सूर घेतला की तीन ऐकू यायचे. गुळगुळीत गिलावा, चकचकीत फरशी, समोरासमोर सपाट भिंती, आवाज आपटून आपटून परत येत होता. टाळी वाजवली तर पटपटपट असं उत्तर यायचं. तबला तर नुसता गोंगाट. सहा वर्षं राबून आम्ही एक मोठा रांजण बांधला होता.

मुंबईच्या माणसानं येऊन भिंतींना ते खास तक्ते लावायचा खर्च विचारला, तो ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग एका इंजिनिअर भाच्यानं साधं सांगितलं, "मावशी, आवाज मऊ गोष्टीत मुरतो. जाड पडदे, सतरंज्या, पुस्तकांची कपाटं, काहीही चालेल, फक्त भिंत उघडी ठेवू नका." मऊ गोष्टींची आपल्या घरात काय वाण! घरोघरच्या जुन्या गोधड्या गोळा केल्या. मागच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यावर भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून गोधड्या ताणून बसवल्या. कुणाच्या आजीची, कुणाच्या आईची, एक तर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीकडच्या तात्पुरत्या पत्र्याच्या घरात अंगावर घेतलेली. घुमणं निम्म्याहून कमी झालं. पाहुणे म्हणतात, काय सुंदर सजावट! आम्ही म्हणतो, हो. (दर सहा महिन्यांनी उन्हात टाकाव्या लागतात, ते कुणाला सांगत नाही.)

तबल्याची खोली आणि गाण्याची खोली यांच्यामधे आम्ही सामानाची खोली ठेवली. हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि नकाशा काढणाऱ्यानं दोनदा विसरून पुन्हा काढला होता. संडास-बाथरूम बायकांसाठी वेगळं, आतून कडी असलेलं, उजेडाचं. हसू नका. मोठमोठ्या गावांत मी असे सभामंडप पाहिलेत, जिथं रंगमंचाला मखमली पडदा आहे आणि बायकांच्या बाथरूमला कडी नाही. कार्यक्रमाला गेल्यावर दुपारपासून पाणी न पिता बसणाऱ्या मुली मला माहीत आहेत.

आता खरा वाद. इमारत झाल्याबरोबर एका शिकवणीवाल्यांनी निरोप धाडला. लातूर म्हणजे 'लातूर पॅटर्न', क्लासेसना जागा हवीच असते. महिन्याचं भाडं एवढं देऊ केलं की आमच्या समितीतल्या पुरुष मंडळींचे डोळे चमकले. खालच्या दोन खोल्या त्यांना, गाण्याला एक पुरे! बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "दुपारी तर रिकामंच असतं की सगळं." मी म्हणाले, "दुपारी बायकांचा वर्ग ठेवू." तर ते म्हणाले, "बायकांनी दुपारी गाऊन काय करायचंय?"

मला राग आला, पण उत्तर चटकन सुचेना. घरी येऊन पुस्तकं काढली. विष्णू दिगंबर पलुस्करांचं चरित्र कॉलेजात असताना वाचलं होतं. कुरुंदवाडचा मुलगा, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला. पुढं ५ मे १९०१ला लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, कुठल्या राजाच्या आश्रयानं नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. म्हणतात की सुरुवातीला कुणी विद्यार्थीच फिरकले नाहीत, तेव्हा बुवा रोज ठरल्या वेळी एकटेच रियाज करत बसायचे.

त्याआधी गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी राहायचं, त्याची सेवा करायची. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या मुलीला ते कसं जमणार? विद्यालय आलं तसं वेळापत्रक आलं, फी आली, परीक्षा आल्या, आणि "मुलगी क्लासला जाते" असं आईला शेजारणीपुढं ताठ मानेनं सांगता आलं. तिकडं भातखंड्यांनी हिंडून हिंडून बंदिशी गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग छापले, तेही मूळ मराठीत. आज आपल्या गावातली पोर प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढते, त्या पायऱ्या या मंडळींच्या कष्टातून आल्यात. एक खोली आणि एक वेळापत्रक, एवढ्यावर केवढी क्रांती झाली ती!

हे सगळं मी पुढच्या बैठकीत ठसक्यात सांगितलं. तर आमचे खजिनदार शांतपणे म्हणाले, "वहिनी, त्या गोष्टीचा पुढचा भाग पण सांगा ना." आणि मी गप्प झाले. कारण पुढचा भाग असा की १९०८ साली बुवांनी मुंबईत विद्यालय काढलं, सँडहर्स्ट रोडला कर्ज काढून स्वतःची मोठी इमारत बांधली, आणि ते कर्ज फिटलं नाही. इमारत लिलावात गेली. बुवा नाशिकला रामनामाच्या आश्रमात जाऊन राहिले. १९३१ साली ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, त्याच्याच परीक्षा आपली मुलं देतात. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात पुन्हा विद्यालय सुरू केलं. म्हणजे इमारत गेली, विद्या राहिली. पण खजिनदारांचं म्हणणं खोटं नव्हतं. वीजबिल, घरपट्टी, बाईंचं मानधन, पेटीची दुरुस्ती, हे नुसत्या भावनेवर कसं भागणार?

शेवटी मधला रस्ता निघाला. वरचा हॉल रविवारी बारसं, साखरपुडा, वाढदिवसाला भाड्यानं द्यायचा, डीजे बंद, गोधड्यांना हात लावायचा नाही. खालच्या खोल्या मात्र कुणालाही नाही. आणि दुपारी दोन ते चार बायकांचा वर्ग, सहा महिने चालवून बघायचा, दहा जणी नाही जमल्या तर शिकवणीवाल्यांना होकार द्यायचा. ही अट मला आवडली नव्हती. पण मान्य केली.

पहिल्या आठवड्यात आल्या चौघी. त्यात एक मी! बाई म्हणाल्या, "पलुस्करबुवांकडं कुणीच नव्हतं, आपण चौघी आहोत की." दुसऱ्या महिन्यात सात झालो. तेव्हा मला जरा वेगळंच दिसलं. दोनला सुटी असली तरी धाकट्या मुलांचं काय करायचं, हा प्रश्न होता. मग सामानाच्या खोलीत सतरंजी टाकली, खेळणी ठेवली, आळीपाळीनं एकीनं बसायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात अकरा झालो. आता सतरा आहोत. आवड होतीच, अडत होतं ते मुलं ठेवण्यावर.

आमच्यात एक आजी आहेत, एकसष्ट वर्षांच्या, भजनी मंडळातल्या. अक्षरओळख बेताची. बाईंनी भैरवीचे स्वर म्हणून दाखवले तशा त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमची काकड्यातली!" पन्नास वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव आज कळावं, असा त्यांचा चेहरा झाला होता. आता त्या भजनी मंडळात बाकीच्यांना स्वर सांगतात आणि थोड्या शिष्टपणाही करतात, पण तेवढा हक्क त्यांना आहे.

आणि एक अकरावीतली मुलगी येते. गेल्या काही वर्षांत दहावीला शास्त्रीय गाण्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले, त्यामुळं नववी-दहावीपर्यंत आमचे वर्ग भरलेले असतात. निकाल लागला की निम्म्या मुली गायब, सगळ्या नीटच्या तयारीला. ही पण गेली होती. एक दिवस खिडकीबाहेर सायकल धरून उभी. आत ये म्हटलं तर म्हणाली, "काकू, गाणार नाही, नुसती बसते. तीनला क्लास आहे." तेव्हापासून आठवड्यातून दोनदा येऊन अर्धा तास मागं बसते, तानपुरा ऐकते आणि जाते. तिच्या आईला हे माहीत आहे का, मी विचारलं नाही.

मोठ्या शहरांत आता मोठी कामं होतायत. लतादीदींच्या नावाचं सरकारी आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय २०२२ साली मुंबईत प्रभादेवीला, पु. ल. देशपांडे कला अकादमीच्या जागेत सुरू झालं. गाणं, तबला, सतार, बासरी तर आहेच, पण ध्वनी अभियांत्रिकीही शिकवतात. म्हणजे माईक लावणाऱ्यालाही शिक्षण हवं, हे कुणाला तरी सुचलं! (आमच्याकडं मंडपवाल्याचा पोरगा माईक लावतो आणि गाणारीच्या आवाजापेक्षा शिटीच जास्त ऐकू येते.) अकादमीची वास्तू नूतनीकरणानंतर २०२५च्या फेब्रुवारीअखेर पुन्हा उघडली. चांगलंच आहे. पण लातूरहून प्रभादेवी किती लांब, हे ज्या आईनं वयात आलेल्या मुलीला रात्रीच्या गाडीत बसवून पाठवलंय तिला विचारा.

आपल्याकडं काही नाही असंही नाही बरं का. नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे, लातुरात दयानंद कला महाविद्यालयात संगीत विभाग आहे. नांदेडला शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ संगीत शंकर दरबार भरतो, मी आणि माझी बहीण तिथं गर्दीत बसून मोठमोठे कलावंत ऐकून आलोय. पं. नाथराव नेरळकर आमच्या नांदेडचेच, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य, पुढं औरंगाबादला त्यांनी किती पिढ्या शिकवल्या. २०२१ साली ते गेले. एवढे मोठे गवई ज्या मातीत झाले, तिथं तालुक्याच्या गावी एक घुमणारी नसलेली खोली असू नये? अहमदपूर, लोहा, उदगीर, कंधार... एसटीनं नांदेड-लातूर करताना मी खिडकीतून बघत असते. शिकवण्यांच्या पाट्या मोजून संपत नाहीत.

असो. यंदाच्या गुरुपौर्णिमेला नव्या हॉलमध्ये दुपारच्या वर्गाचा पहिला कार्यक्रम झाला. मी भूप गायले, दहा मिनिटं. मधे एक तान विसरले, तबल्यावरचा पंधरा वर्षांचा मुलगा समजून ठेका धरून राहिला, मी पुन्हा समेवर आले. घरचे पहिल्या रांगेत होते. यजमान फोनवर चित्रीकरण करत होते, पण नंतर पाहिलं तर अर्धा वेळ पंख्याचंच आलंय!

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी गिरणीवाले काका भेटले. पांढरा सदरा, पण कानामागं पीठ होतंच. बाईंच्या पाया पडून म्हणाले, "बाई, जागा झ्याक झाली. पण एक सांगू का, सकाळी गिरणी चालू केली की वर कुणी गायलंय का म्हणून कान लागतो. चुकल्यासारखं व्हायलंय." मग मागं लपलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोरीला पुढं ओढली. "ही नात. हिला सोमवारपासून पाठवतो. फी किती सांगा."

बाईंनी पोरीला विचारलं, "सा म्हणून दाखवतेस?"

पोरीनं म्हणला. जरा उतरलेला काळी चार. बाई माझ्याकडं बघून हसल्या.